सोडली की सुटली

विद्यापीठाच्या फाटकातून निळा टँकर आत वळला, तेव्हा रत्नमालानं आधी त्याचा नंबर वाचला आणि मग कपाळावर हात मारून घेतला. स्टिअरिंगवर धाकटा दीर राम. त्याच्या शेजारी लाल पागोटं बांधून ताठ बसलेले सासरे केरबा आणि दाराला लागून सासूबाई बानाबाई, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. काल फोनवर राम म्हणाला होता, "वहिनी, म्हाताऱ्यांला मी आणतो, तू फिकीर नको करू." कशानं आणणार, ते मात्र त्यानं सांगितलं नव्हतं.

"आले," ती नवऱ्याला म्हणाली.

"टँकरनं?" बिभीषणचा आवाज फुटला. सिडकोतल्या शाळेत लिपिक म्हणून बावीस वर्षं घालवलेला हा माणूस आज इस्त्रीचा शर्ट घालून, त्या शर्टाला घडी पडू नये म्हणून सकाळपासून उभाच होता. "पाचोडवरून एसटी बंद झाली का? पोरीचा व्हायवा हाय, वरात न्हाय काढायची!"

ओरडून उपयोग नव्हता, कारण टँकर मानसशास्त्र विभागासमोर थांबला होता आणि विभागाचा शिपाई हातात पाइप घेऊन पळत सुटला होता. दोन वर्षं पाऊस नव्हता. मे महिना अर्धा सरला होता, शहराला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं, आणि त्या दिवसांत टँकर दिसला की माणूस आधी पळायचा आणि मग विचारायचा.

"टाकी मागं हाय, मागून घ्या!" शिपाई ओरडला.

"ह्यो तुमचा नाय भाऊ," राम खाली उडी मारत म्हणाला. "बायपासच्या सोसायटीचा हाय. मी परीक्षेला आलोय."

"टँकर घेऊन परीक्षेला?"

"माझी नाय. पुतणीची. डॉक्टर व्हायलीय आज."

शिपायाचा चेहरा पडला. त्यावर केरबानं केबिनमधूनच हुकूम सोडला, "अरे दोन बादल्या दे त्याला, शुभ काम हाय." मग दोनाच्या सहा झाल्या. बिभीषण तोंड फिरवून नोटीस बोर्ड वाचायला लागला. त्यावर परीक्षेच्या जुन्या वेळापत्रकाशिवाय काही नव्हतं, पण भावाकडं बघावं लागू नये म्हणून तो ते मन लावून वाचत राहिला. सहा वर्षं तो रामशी थेट बोलला नव्हता. काही सांगायचंच झालं तर रत्नमालाला सांगायचा, आणि ती रामला सांगायची.

त्याला कारण होतं. मागं, तेरा सालच्या दुष्काळात, शहर बायपासच्या पलीकडं धावत सुटलं होतं. रोज एक नवी इमारत, रोज नवी सोसायटी, आणि पाणी कुठंच नाही. राम चोवीस तासांत नऊ-नऊ फेऱ्या मारायचा. पुढं पुढं तर पडलं तरी झोप लागेना. कुणीतरी त्याला झोपेची गोळी दिली. शहरात त्या गोळीला बटन म्हणतात. एकाच्या चार झाल्या, चाराच्या दहा, आणि एक दिवस टँकर एका शाळेच्या भिंतीत गेला. रविवार होता म्हणून निभावलं. मग तीन महिने हर्सूलच्या बाजूला एका व्यसनमुक्ती केंद्रात. आईला आणि साऱ्या भावकीला बिभीषणनं सांगितलं, राम नाशकाला कंपनीत लागलाय. खरं काय ते बिभीषण, रत्नमाला, केरबा आणि प्रांजली, एवढ्यांनाच माहीत होतं.

त्या तीन महिन्यांत काकाला डबा द्यायला जाणाऱ्या प्रांजलीनं त्याच केंद्राच्या ओसरीवर बसून आपल्या पीएच.डी.चा विषय ठरवला. नशेतून बाहेर पडलेली माणसं परत का वळतात? तिच्या गाइड अनसूया मॅडमनी तेव्हा विचारलं होतं, "सोपं काहीतरी घेतेस का?" ती नाही म्हणाली. बोलून चालून केरबाची नात. पाच वर्षं तासिकेवर शिकवत, एका कॉलेजातून दुसऱ्यात स्कूटी पळवत, तिनं एकशे चाळीस माणसांच्या मुलाखती घेतल्या आणि प्रत्येकाच्या मागं दोन-दोन वर्षं फिरली.

आणि गेल्या वर्षी तो प्रबंध परत आला. पुण्याच्या परीक्षकांनी एकच ओळ लिहिली होती, आकडे उलटे आहेत, पुन्हा तपासा. ते परीक्षक, प्राध्यापक मुकुंद सर, आज स्वतः आले होते. सोमवारी वैजापूरच्या कॉलेजात कायम जागेसाठी मुलाखत होती, आणि पीएच.डी. झाल्याचं पत्र असेल तरच यावं, असं कॉलेजनं स्वच्छ कळवलं होतं. आज नाही तर मग पुन्हा तासिका, पुन्हा स्कूटी. रत्नमाला अंगणवाडीत मदतनीस होती. तिला प्रबंधातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सोमवार कळत होता. सकाळपासून तिनं तीनदा पदर पिनेनं टोचला होता आणि तीनदा काढला होता.

"आबा आत नको," बिभीषण तिच्या कानाशी पुटपुटला. "शेवटाला प्रश्न इचारा म्हणतात. आबा गप बसणार नाय. आन् त्या रामला तर मुळीच नको. तोंडातून काय निसटलं तर?"

"मग तुम्हीच थांबा बाहेर," रत्नमाला म्हणाली आणि सासूबाईंचा हात धरून आत गेली.

आत गेल्यावर पहिली रांग शिक्षकांची असते हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे शिंगाडे कुटुंब पहिल्या रांगेत बसलं. केरबानं काठी मांडीवर आडवी ठेवली. बानाबाईनं डबा खुर्चीखाली सरकवला. राम मात्र मागच्या भिंतीशी, दाराजवळ उभा राहिला. आणि बाहेर थांबा म्हटलेला बिभीषण अर्ध्या मिनिटात येऊन वडिलांच्या शेजारी चिकटला, म्हणजे वेळ पडली तर धोतर ओढता येईल.

प्रांजली पुढं उभी होती, आईची निळी पैठणी नेसून. दहावीच्या निकालाच्या दिवशी अशीच दिसत होती, ओठ घट्ट मिटलेली.

मुकुंद सर बारीक अंगाचे, साठीचे, साधा बुशशर्ट घातलेले. त्यांनी पहिल्या रांगेकडं एक नजर टाकली आणि म्हणाले, "मराठीत बोलू या. घरची मंडळी आलीत."

रत्नमालाला ते एकदम आवडले. पण पुढच्याच वाक्यानं ती सावध झाली.

"प्रांजली, गेल्या वर्षी मी तुमचा प्रबंध परत पाठवला. राग आला असेल."

"आला होता सर."

मागं हशा पिकला. सरही हसले. "मग?"

"मग तुमचं खरं निघालं. चूक माझी होती." प्रांजलीनं एक कागद उचलला. "माझ्या फॉर्मवर प्रश्न होता, नशा सोडली का? होय किंवा नाही. केंद्रातली माणसं म्हणायची, नाय मॅडम, सोडली नाय. मी 'नाही'वर खूण करायची. पुढचं मी ऐकूनच घेत नव्हते. गेल्या वर्षी सगळी रेकॉर्डिंग परत ऐकली. सोडली नाय, सुटली, असं म्हणत होते ते. नशा सुटलेली होती आणि मी लिहीत होते, सुटली नाही म्हणून. अशी बावन्न माणसं निघाली."

"तुम्हाला ते तेव्हाच कसं कळलं नाही? तुम्ही तर इथल्याच."

"मी पुस्तकातलं मराठी घेऊन गेले होते सर. घरचं घरी ठेवून."

रत्नमालाला हे ऐकून एकाच वेळी वाईटही वाटलं आणि पोरीचं कौतुकही वाटलं. भरल्या खोलीत अशी चूक कबूल करायला छाती लागते.

मग आकडे आले. भिंतीवर खांब उभे राहिले, लाल आणि हिरवे. प्रांजली सांगत होती, सोडली म्हणणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त दोन वर्षांत परत वळले. सुटली म्हणणाऱ्यांतले पाव हिस्सासुद्धा नाहीत. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला, हात हलायला लागले, आणि रत्नमालाला वाटलं, झालं, जमलं.

मुकुंद सरांनी पेन खाली ठेवलं.

"आकडे मी स्वतः तपासलेत. बरोबर आहेत. माझी अडचण पुढं आहे. जगभर आपण शिकवतो की 'मी सोडली' म्हणणारा माणूस टिकतो. त्याचा स्वतःवर भरवसा असतो. सुटली म्हणणारा म्हणजे आपोआप झालं म्हणणारा, तो पडतो. तुमच्याकडं बरोबर उलटं दिसतंय. का? कारण सांगा. कारण नसेल तर हा योगायोग आहे, आणि योगायोगावर मी सही करत नाही."

"सर, सुटली म्हणणारे श्रेय दुसऱ्याला देतात. घरच्यांना, देवाला. म्हणून ते आधार सोडत नाहीत..."

"हा अंदाज झाला. कुणी तसं बोललं का मुलाखतीत?"

प्रांजली थांबली. "थेट नाही."

"मग?"

पंखा गरगरत होता. अनसूया मॅडमनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि तो पुसून झाला तरी त्या पुसतच राहिल्या. रत्नमालानं साडीचा काठ मुठीत आवळला. सोमवार तिच्या डोळ्यांसमोरून निघून चालला होता. शेवटी अध्यक्षस्थानी बसलेल्या विभागप्रमुखांनी, केवळ रीत म्हणून, विचारलं, "सभागृहातून कुणाला काही प्रश्न?"

काठी जमिनीवर आपटली. केरबा उठला.

बिभीषणनं धोतर धरलं. रत्नमालानं नवऱ्याच्या मनगटाला असा चिमटा काढला, की त्याचा हात आपसूक सुटला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण चारचौघांत नवऱ्याच्या विरुद्ध सासऱ्याची बाजू घ्यायची ही तिची पहिलीच वेळ.

"मास्तर," केरबा म्हणाला, "मला येक इचारायचंय."

"विचारा ना आजोबा."

"तुमी मेंढरं राखली का कधी?"

मागं खसखस पिकली. मुकुंद सर हसले नाहीत. "नाही."

"मी साठ वरसं राखली. म्हून इचारतो. मेंढी सोडली आन् मेंढी सुटली, येकच का?"

"नसावं."

"नाय! लई फरक हाय. सकाळी मी वाड्यातून मेंढी सोडली, म्हंजी ती माझीच हाय. सांजच्याला हाक मारली की माघारी येती. मला बी ठावं असतंय, येणार हाय म्हून. म्हून तर मी सोडतो! पर सुटलेली मेंढी गेली, मास्तर. ती हाकंला वळत नाय. तिची आस सोडायची आन् उरलेली संबाळायची." केरबानं दम घेतला. "माझी नात सांगायलीय त्ये ह्येच हाय. ज्यो म्हणतो म्या सोडली, त्याला मनातून ठावं असतंय, हाक मारली की येती."

मुकुंद सरांनी पेन उचललं. "आजोबा, शेवटचं वाक्य पुन्हा सांगा."

केरबानं सांगितलं. सरांनी ते शब्द न शब्द लिहून घेतलं, आणि त्याखाली रेघ ओढली. मग मान वर केली. "उत्तम. पण हे मेंढीचं झालं. माणसाचं तसंच होतं, हे कशावरून?"

"सर, एक मिनिट!"

प्रांजलीचा आवाज एवढा मोठा निघाला, की बानाबाई दचकली. पोरगी टेबलाकडं धावली होती. जाडजूड प्रबंध मागच्या बाजूनं उघडून ती पानं उलटत होती, भराभर. पैठणीचा पदर खांद्यावरून घसरला तरी तिला भान नव्हतं.

"हे बघा सर. परिशिष्ट तीन. मी हे सगळं टाइप केलंय, पण मला दिसलंच नव्हतं! तेविसावा माणूस. 'मी सोडली होती, कधीबी सोडता येती, म्हून लग्नात येकदा घेतली.' एकेचाळिसावा. 'म्हणलं बघू तरी, आपुन सोडलेलीच हाय.' सहासष्ट. 'येकदा सोडली म्हंजी परत बी सोडता येती.' सर, ते हाक मारून बघत होते!" ती आता पानं मोजत होती, हसत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "नऊ. दहा. अकरा... सर, अकरा जण आहेत. आणि सुटली म्हणणाऱ्यांत एकही नाही. एकही नाही!"

मुकुंद सर खुर्चीतून उठून तिच्या शेजारी गेले आणि दोघंही त्या पानांवर वाकले. परीक्षक आणि विद्यार्थिनी असं काही उरलंच नव्हतं. "हे बघा, अठ्ठ्याण्णव," सर म्हणत होते, "हाही तुमचाच," आणि अनसूया मॅडमनी चष्मा एकदाचा डोळ्यांवर चढवून टाळी वाजवली. रत्नमालाला काय चाललंय ते अर्धंच कळलं होतं. तिला उठून ओरडावंसं वाटत होतं.

"माझं बी धरा त्यात."

आवाज मागून आला होता. साऱ्यांच्या माना वळल्या. राम दाराशी उभा होता, हातात टँकरची किल्ली.

"राम," बिभीषण म्हणाला. सहा वर्षांत पहिल्यांदा. तो शब्द हाक नव्हता, दटावणी होती.

"बोलू दे दादा. पोरगी येवढं खरं बोलायलीय." राम सरांकडं बघत होता. "मी बटन घ्यायचो साहेब. हर्सूलला तीन महिने होतो. भायेर आल्यापास्नं सगळ्यांला सांगायलोय, मी सोडली. छाती काढून सांगायलोय. आबा म्हणला तसंच झालं. हाक मारली. दोन डाव. दोनी डाव आली."

बिभीषणनं डोळे मिटून घेतले. जे झाकायला त्यानं सहा वर्षं भावाशी अबोला धरला होता, ते आता चाळीस माणसांसमोर उघडं पडलं होतं. आणि दोन डावांचं तर त्यालाही ठाऊक नव्हतं. बानाबाई लेकाकडं टक लावून बघत होती.

"म्हंजी नाशकाला नव्हतास व्हय?"

"नाय, आई."

"तरीच," बानाबाई म्हणाली. "तीन महिने नाशकाला ऱ्हायला आन् येताना द्राक्षाचा येक घड आणला नाय. मी म्हणलं, पोरगं असं कसं झालं." आणि तिनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय ते रत्नमालाला शेजारी बसूनही कळलं नाही.

"हे तुमच्या नमुन्यात आहेत?" मुकुंद सरांनी हळूच विचारलं.

"नाहीत सर," प्रांजली म्हणाली. "माझे काका आहेत. घरचं माणूस अभ्यासात घेता येत नाही, म्हणून मी त्यांना..." ती अडखळली. "मी त्यांना सहा वर्षांत एकही प्रश्न विचारला नाही."

सरांनी मान हलवली आणि ते जागेवर जाऊन बसले. मग सगळ्यांना बाहेर काढलं. दार लागलं. पाच मिनिटं गेली, सात गेली. बिभीषणच्या शर्टाची इस्त्री घामानं कधीच मोडली होती. दार उघडलं तेव्हा विभागप्रमुखांच्या हातात कागद होता आणि त्यांचा चेहरा हसरा होता.

"डॉक्टर प्रांजली बिभीषण शिंगाडे. अभिनंदन."

रत्नमाला ओरडली. खरोखरच ओरडली, विद्यापीठाच्या व्हरांड्यात, अंगणवाडीतल्या पोरांनाही लाजवील अशी. केरबानं डोक्यावरचं लाल पागोटं उतरवलं आणि नातीच्या डोक्यावर ठेवलं. ते तिच्या कानापर्यंत खाली आलं. शिपायानं सहा बादल्यांना जागून स्वतःच्या पैशानं पेढे आणले. मुकुंद सर पुरणपोळी हातात घेऊन केरबाला लांडग्यांविषयी विचारत होते, आणि वैजापूरला न्यायचं पत्र संध्याकाळपर्यंत हातात मिळेल, असं अनसूया मॅडम तिसऱ्यांदा सांगत होत्या.

विभागामागच्या लिंबाखाली पंगत बसली. रत्नमाला वाढत होती. वाढता वाढता तिच्या लक्षात आलं, राम टँकरच्या चाकाशी एकटाच उकिडवा बसलाय, पुढ्यातली पोळी तशीच आहे. सगळे त्याला वगळून बोलत होते. त्याला टाकून नव्हे, संकोचानं.

प्रांजली उठली. डोक्यावरचं पागोटं काढून तिनं आजोबांच्या मांडीवर ठेवलं आणि पैठणीचा विचार न करता ती मातीत, रामच्या समोर बसली. तिच्याजवळ फॉर्म नव्हता, पेन नव्हतं.

"काका, शेवटची कधी घेतली?"

रत्नमालाच्या हातातलं तूप तसंच राहिलं. राम जमिनीकडं बघत होता. दोन डाव म्हणजे कधीकाळचे दोन, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

"मंगळवारी," तो म्हणाला.

रत्नमालाला केबिनमध्ये बसलेली म्हातारी माणसं आठवली, पाचोडपासूनचा रस्ता आठवला. बिभीषण ताडकन उठला. तो आता काय बोलेल, या भीतीनं ती मधे पडायला निघाली, पण प्रांजलीनं मागं न बघता नुसता हात वर केला आणि बाप जागीच थांबला.

"बुध, गुरू, शुक्र," ती बोटं मोजत म्हणाली. "म्हणजे आज तिसरा दिवस."

राम वर बघायला लागला. शिवी येईल म्हणून त्यानं खांदे आवळून घेतले होते, ते तसेच राहिले. मग त्यानं मुठीतली किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. "आज मी चालवत नाय. आमच्या दुसऱ्या ड्रायव्हरला, सांडूला बोलवा. तो नेईल टँकर."

"मी लावतो फोन," बिभीषण म्हणाला. पण त्यानं फोन काढला नाही. तो चालत आला, भावाच्या शेजारी चाकाला टेकून खाली बसला, आणि गार झालेली पोळी मोडून अर्धी त्याच्या हातात दिली.

"तिसऱ्या दिवशी लई अवघड असतंय का रे?" त्यानं विचारलं.